दोनदा दिसेल ते खरं

१

या खुर्चीवर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच काम शिकवतात, काटे काढायचं. मलाही तेवीस वर्षांपूर्वी तेच शिकवलं. समुद्रात जहाज जातं, जाता जाता खाली आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. जहाज थोडं पुढे सरकलं की पुन्हा आवाज. अशा लाखो आकड्यांची एक लांबलचक पट्टी आमच्या कचेरीत येते आणि माझ्या पडद्यावर उलगडते.

पण आवाज दर वेळी तळालाच आपटेल असं नाही. मध्ये माशांची झुंड येते, बुडबुडे येतात, कधी जहाजाचं यंत्रच कुरकुरतं. मग सपाट तळावर अचानक एक सुळका उभा राहतो. त्याला आम्ही काटा म्हणतो. तो निवडायचा, पुसायचा आणि त्याच्या जागी आजूबाजूच्या खोलीची सरासरी भरून टाकायची. नंतर बघणाऱ्याला तिथे काही होतं असा संशयसुद्धा येत नाही.

खरा डोंगर चुकून पुसला जाऊ नये म्हणून एक नियम आहे. जहाजाच्या एकाच फेरीत दिसला तर काटा. दुसऱ्या फेरीतही दिसला तर डोंगर. एवढ्या एका नियमावर समुद्राचे नकाशे उभे आहेत, आणि मी तो इतका पाळला की आमचे साहेब नव्या माणसाला आणून माझी पट्टी दाखवत. साहेबांना सगळं सपाट लागतं, शर्टसुद्धा आणि समुद्रसुद्धा. मागून मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणते. माणूस वाईट नाही.

त्या सोमवारी आलेल्या पट्टीत एक काटा होता. चार हजार दोनशे मीटर खोल तळ, ताटासारखा सपाट, आणि त्यातून अकराशे मीटर वर आलेला सुळका. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशात तिथे नुसता गाळ होता. फेरी एकच. काट्याच्या डोक्यावर मात्र वाटीसारखा गोल खळगा होता, आणि मासे कितीही झुंडीने आले तरी वाटी करून बसत नाहीत. मी क्षणभर थांबले. मग नियम आठवला आणि पुसून टाकला.

२

घरी मी आणि बाबा. बाबा एक्याऐंशीचे. साठ वर्षं गवंडीकाम केलं, आता गुडघे बसलेत, पण तोंड शाबूत आहे. आमच्या पुढच्या खोलीची फरशी त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली. दिवसभर त्याच खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. रोज सकाळी चहा झाला की खोलीच्या मधोमध एक काचेची गोटी ठेवायची आणि ती हलत नाही हे बघायचं, हा त्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा नेम. गोटी हलली नाही की दिवस चांगला जायचा, आणि ती कधीच हलत नसे.

त्या आठवड्यात एका सकाळी ते मला हाक मारायला लागले. मी पदर खोचत बाहेर आले तर म्हणाले, गोटीकडे बघ. बघितलं. जागेवरच होती. मी म्हटलं, मला कचेरीत जायचंय. ते म्हणाले, थांब, बघत राहा. आणि मग ती गोटी थरथरली. घरंगळली नाही, जागेवरच अंग शहारावं तशी हलली आणि शांत झाली. थोड्या वेळाने पुन्हा.

बाबांनी फळीवरून पाणसळ काढायला लावली. फरशीवर चारी दिशांनी ठेवून बघितली. पाण्यातला बुडबुडा बरोब्बर मध्ये. "फरशीत दोष नाही," ते म्हणाले. "दोष खाली आहे."

मी म्हटलं, कुणाचा तरी पंप चालू असेल. बाबा म्हणाले, असेल. त्यांना पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

३

दुसरा काटा पुढच्या आठवड्यात आला. पहिल्यापासून चाळीस किलोमीटर किनाऱ्याकडे. डोक्यावर तशीच वाटी. पुसला. मग तिसरा, पुन्हा चाळीस किलोमीटर. पुसला. सातव्यापर्यंत मी असंच करत गेले. प्रत्येक वेळी फेरी एकच होती आणि नियम नियमाच्या जागी होता. पण दर वेळी माझा हात पहिल्यापेक्षा जड होत होता. हेही लिहून ठेवते, कारण पुढे कुणी म्हणायला नको की बाईला काही कळत नव्हतं.

समुद्राखाली डोंगरांच्या रांगा असतात, त्यात नवल काही नाही. एका रविवारी दुपारी मी ते बाबांना मेणबत्ती आणि कागद घेऊन समजावलं. पृथ्वीच्या पोटात आग असते, ती एका जागी तळ भेदून वर येते. पाण्याला लागताच वितळलेल्या खडकाचा रस थिजतो, उशीसारखे गोळे होतात, गोळ्यांवर गोळे चढतात, लाखो वर्षांत हजार हजार मीटरचा डोंगर होतो. पण समुद्राचा तळ स्वस्थ बसत नाही. नख वाढावं इतक्या सावकाश तो सरकत असतो. मेणबत्तीवरून कागद सरकवला तर डागामागून डाग पडत जातात, तसा आधीचा डोंगर पुढे वाहून जातो आणि आगीवर नवा उभा राहतो. वाहून गेलेले थंड होतात, खचतात. काहींनी कधी काळी पाण्याबाहेर डोकं काढलेलं असतं, लाटांनी ते तासून सपाट केलेलं असतं, आणि तसेच सपाट डोक्याने ते पुन्हा खोल जातात. असे हजारो आहेत आणि त्यातले बहुतेक कुणी मोजलेलेसुद्धा नाहीत.

बाबांनी कागदावरचे डाग बघितले. "म्हणजे डोंगर जातो, चूल राहते," ते म्हणाले.

तेच. आणि आमच्या समुद्राचा तळ किनाऱ्याकडे सरकतो. म्हणजे चूल मागे, दूर समुद्रात राहायला हवी होती. सर्वांत कोवळा डोंगर सर्वांत लांब आणि आपल्याजवळचा सर्वांत म्हातारा, थंड, खचलेला. ही रांग बरोब्बर उलटी होती. जवळचा काटा सर्वांत उंच आणि त्याच्या डोक्यावरची वाटी सर्वांत खोल. शिवाय लाखो वर्षांचं काम आठवड्याला एक या हिशोबाने चाललं होतं.

हे ऐकून बाबांनी कागद मेणबत्तीवरून उलटा सरकवून बघितला. मग म्हणाले, "चूल चालायला लागली म्हणायची." आणि मेणबत्ती फुंकून टाकली.

मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी धरली होती. ती रेघ कुठे जाते ते मला ठाऊक होतं. आठवा काटा किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर पडणार होता. नववा आमच्या गावावर. पेन्सिलीचं टोक जरा बारीक केलं असतं तर आमच्या गल्लीवर आलं असतं, म्हणून मी ते बारीक केलं नाही.

४

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तोवर, मी फरशीवर पालथी पडून कान लावला. सत्तावन्न वर्षांच्या बाईने असं करणं शोभत नाही, हे बाबा खुर्चीवरून मला सांगत होते. घरातले पंखे, फ्रीज, सगळं बंद केलं. शेजारच्यांना विचारून त्यांचा पंपही बंद करवला.

खालून आवाज येत होता. ठक्. मग काहीच नाही. मग पुन्हा ठक्, आणि गोटी थरथरली. मी हातातल्या घड्याळावर दोन आवाजांमधलं अंतर मोजलं. पाच सेकंद आणि वर अर्धं. दहा वेळा मोजलं आणि नंतर सरासरी काढली, सवयच ती. पाच पूर्णांक सहा.

हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. चार हजार दोनशे मीटर पाण्यात आवाज खाली जाऊन परत यायला बरोबर एवढा वेळ लागतो. आणि खोल पाण्यात आम्ही एक आवाज परत आल्याशिवाय दुसरा सोडत नाही. म्हणजे दोन आवाजांमधलं अंतर म्हणजेच खोली. आम्ही वरून खाली मोजतो. इथे कुणीतरी खालून वर मोजत होतं.

मी उठले, साडी झटकली. स्वतःला समजावलं की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी कधी. जमिनीत पाण्यातला वेग कसा धरता येईल, तिथे आवाज कितीतरी जोरात धावतो, असं शास्त्रही स्वतःला ऐकवलं. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं. साडेचार सेकंद. शुक्रवारी तीन. जे काही होतं, ते जवळ येत होतं.

मला भीती वाटली की राग येतो. लहानपणापासून आहे ते. त्या शुक्रवारी मला फार राग आला.

५

मंगळवारी मी माझी एक चप्पल अंगठा तुटला म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीत दिली होती. शिलाईचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये ती एवढीशी टपरी, तिच्यात अंगठे शिवणारे एक काका बसत. तोंडात सतत खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं निम्मं कळायचं. दुसरी चप्पल मी घरीच ठेवली, एकीसाठी जोडीला कशाला मिरवायचं म्हणून.

शनिवारी दुपारी चप्पल आणायला गेले तर टपरी नव्हती. मोडलेली नव्हती, हलवलेली नव्हती. शिलाईच्या दुकानाची पिवळी भिंत आणि चष्म्याच्या दुकानाची निळी भिंत यांच्यामध्ये एक हिरवट भिंत होती. पिवळ्याकडून निळ्याकडे हळूहळू होत गेलेला हिरवा. शिलाईवाल्याची पायरी एक वीत उंच, चष्मेवाल्याची दोन विती, आणि मधला कट्टा दीड.

मी शिलाईवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, इथे कधी टपरी होती? माझं आयुष्य गेलं इथे." आणि मला पाणी हवं का म्हणून विचारायला लागला, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

मी त्या भिंतीवरून हात फिरवला. ऊन पडलेलं होतं, माणसं जात येत होती. भिंत छान गुळगुळीत होती. इतकं स्वच्छ काम त्या गल्लीत फक्त मलाच जमलं असतं. काटा निवडायचा, पुसायचा, आजूबाजूची सरासरी भरायची.

घरी येऊन मी कपाटाखालून चप्पल काढली. एकच होती. म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं, आणि वेड लागलं असतं तर बरं झालं असतं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

६

बाबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनाही टपरीवाले काका आठवत होते. खिळे तोंडात धरू नको म्हणून त्यांनी त्याला कितीदा तरी बजावलं होतं. आम्हालाच का आठवत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. दोघंही मोजणारी माणसं, एवढंच साम्य.

मी म्हटलं, मी सात काढलेत. मग इथून किती गेले? एक टपरी आठवते. बाकीचे?

बाबा दाराजवळच्या भिंतीकडे बघत होते. तिथे लाकडी पट्टीवर तीन खुंट्या आहेत. पहिलीवर त्यांची टोपी, दुसरीवर माझी पिशवी. तिसरी रिकामी. ती रिकामी असते हे मी इतकी वर्षं बघत आले होते आणि कधी बघितलं नव्हतं.

बाबा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी तिसऱ्या खुंटीवरून अंगठा फिरवला. मग मला बोलावून माझा अंगठा फिरवायला लावला. आमच्या दोन खुंट्यांसारखीच ती वरच्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेली होती.

"रोज कुणीतरी काहीतरी अडकवल्याशिवाय लाकूड असं होत नाही," ते म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षं तरी."

मी स्वयंपाकघरात जाऊन कप मोजले. एकाच नक्षीचे तीन. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या तीन. आम्ही दोघं त्या तिसरीवर वर्तमानपत्रं ठेवायचो. तिथे कोण बसायचं ते मी आठवायचा प्रयत्न केला. बाई की पुरुष, लहान की मोठं, काही म्हणता काही येईना. डोक्यात त्या जागी फक्त बाबा आणि मी यांच्यामधलं काहीतरी होतं, धड ते नाही, धड मी नाही.

बाबा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी बघितलेलं नव्हतं. कोणासाठी रडतोय तेही माहीत नाही, हे त्यांना फार लागलं. मग डोळे पुसून म्हणाले की हे घर सोडून आपण कुठेही जायचं नाही. मी म्हटलं, मी कुठे जाऊ म्हणतेय? आणि गोटीकडे बघितलं. आता दोन सेकंदांना एकदा थरथरत होती.

मला तेव्हा ते नीट उमगलं. खाली जे कुणी मोजत होतं त्याचा नियमही आमच्यासारखाच असणार. त्याच्या पट्टीवर आम्ही उभे होतो, सपाट जमिनीवर मध्येच वर आलेले. आणि बाबा तर गुडघे बसल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. त्यांना बघणारी मी एकटी. एकाच फेरीत दिसलेला काटा तो.

७

रविवारी जहाज परतीच्या वाटेवर असणार होतं. त्याच शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झालेली असतानाही, मी संध्याकाळी पुन्हा कचेरीत गेले. आठवा काटा पडद्यावर आलेला होता. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर, जिथे आमची जहाजं शेकडो वेळा गेली असतील. तो मी पुसला नाही. उलट काढलेल्या काट्यांची फाईल उघडली, त्यातून आधीचे सात शोधले आणि एकेक करून जागेवर ठेवले. मग दुसऱ्या फेरीची मागणी लिहून साहेबांच्या टेबलावर नेली.

इस्त्रीसाहेबांनी नकाशा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाले, ताई, नियम तुम्हीच शिकवता सगळ्यांना. मी म्हटलं, नियमच पाळतेय, दुसरी फेरी मागतेय. ते म्हणाले, जहाज वीस तास उशिरा बंदरात पोहोचेल, शिवाय तिथे डोंगर असता तर इतक्या वर्षांत कुणाला दिसला नसता का? मी म्हटलं, नसेल, कारण तेव्हा नव्हता. त्यावर ते पाणी प्यायले.

"आणि नाही दिसले तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी स्वतः काढीन आणि सोमवारपासून येणार नाही."

तेवीस वर्षांत मी त्यांच्याकडे एकदाही काही मागितलं नव्हतं. त्यांनी सही केली. सही करताना हळूच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, ते तुम्ही सोमवारी विचारा.

८

जहाज रविवारी अकराच्या सुमारास आठव्यावरून जाणार होतं. दहा वाजता दोन आवाजांमध्ये एक सेकंद उरला होता. साडेदहाला अर्धा. गोटी आता थरथरत नव्हती, सारखी गुणगुणत होती.

बाबांनी खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध घेतली. मी म्हटलं, निदान खिडकीशी बसा. म्हणाले, जागा मी ठरवतो. मांडीवर त्यांचा जुना हातोडा होता. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. खोलीत ऊन होतं, बाहेर कुणी तरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

काय करायचं ते आम्ही ठरवलं होतं. एकदा दिसला तो काटा, दोनदा दिसला तो खरा. तर मग दोनदा दिसायचं. बाबा फरशीवर हातोडा मारणार, थांबणार, पुन्हा मारणार. जोड्या जोड्यांनी, थकेपर्यंत. स्वतःच्या हातच्या फरशीवर घाव घालणं त्यांना जड गेलं असणार, पण त्यांनी हातोडा उचलला. पहिल्या घावाला फरशीला केसभर तडा गेला.

अकराला पाच कमी असताना खालचा आवाज थांबला. सगळं थांबलं. गाडी धुणाऱ्याच्या पाण्याचासुद्धा आवाज येईना.

मग समोरची भिंत बदलायला लागली. आमची भिंत पांढरी आहे. डावीकडच्या घराची विटकरी, उजवीकडच्याची राखाडी. त्या पांढऱ्यात डावीकडून विटकरी उतरत होता आणि उजवीकडून राखाडी. मी बाबांकडे बघितलं. खुर्चीत ते बसलेले होते आणि त्यांच्यातून मला मागची फरशी दिसत होती. अगदी नीट, सांध्यासकट. दुसरीकडे काही बघायला मी वेळ घालवला नाही. मी त्यांचा दंड धरला. हाताला दंड लागला, पण थंड आणि सपाट लागला, फरशीला हात लावल्यासारखा.

"बाबा, मारा," मी म्हटलं.

त्यांचा हात उठला. "ही फरशी मी घातलीय," ते खाली बघून म्हणाले, आवाजात धार होती. "काढायची तर मला विचारून काढायची." आणि हातोडा मारला. थांबले. पुन्हा मारला. मी टाच आपटली, थांबले, पुन्हा आपटली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझी टाच फुटली आणि बाबांच्या तोंडाला फेस आला.

मग खालून उत्तर आलं. ठक्. आणि एक श्वास जाईल इतक्या वेळाने, पुन्हा ठक्.

भिंत पांढरी होती. बाहेर पाणी वाहत होतं. गोटी मात्र कुठे गेली ती अजून सापडलेली नाही.

९

सोमवारी सकाळी कोपऱ्यावर टपरी होती. काकांनी तोंडातल्या खिळ्यांतूनच मला झापलं, मंगळवारी दिलेली चप्पल न्यायला आठवडा लागतो का म्हणून. मी त्यांच्याशी भांडले नाही. चप्पल हातात घेऊन तिथेच रडले, आणि ते बिचारे घाबरून गेले.

कचेरीत दुसऱ्या फेरीची पट्टी आलेली होती. आठच्या आठ डोंगर जिथल्या तिथे, वाट्यांसकट. इस्त्रीसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ते आठही डोंगर आता नकाशात आहेत, जाऊन बघा. नववा आला नाही. घरी आवाज नाही.

पण आठव्याच्या माथ्यावर, वाटीच्या काठाशी, दोन बारीक काटे आलेत. शेजारी शेजारी. एक एकशे बावन्न सेंटिमीटर, माझी उंची तेवढीच आहे. दुसरा बुटका, रुंद, खुर्चीत बसलेल्या माणसाएवढा, आणि त्याची एक बाजू वर उचललेली. आमच्या यंत्राला एवढ्या खोलीवर घरसुद्धा दिसत नाही, माणूस कुठला. साहेबांनी बोट ठेवून सांगितलं की हे दोन मात्र एकाच फेरीतले आहेत, काढा. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

टपरी परत आली, पण खुंटी रिकामीच राहिली. त्यावरून मी एवढं समजले की आमच्या घरचं माणूस या सातांमधलं नव्हे. मी तेवीस वर्षं काटे काढतेय. कुठल्या तरी जुन्या पट्टीत, कुठल्या तरी समुद्रात, मी ते कधीतरी स्वच्छ हाताने पुसून टाकलंय. काढलेल्यांच्या फाईलमध्ये एकेचाळीस हजार काटे आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी ते एकेक करून परत ठेवते. त्यातले बहुतेक मासे असतील, मला माहीत आहे. असू देत. साहेब बघतात आणि न बघितल्यासारखं करतात. रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी दाराजवळच्या भिंतीकडे बघते, आणि बाबा खुर्चीवरून माझ्या तोंडाकडे बघतात.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. तोवर नऊ-दहा हजार होतील, जास्त नाही. उरलेले तुमच्याकडे येतील. म्हणून हे सगळं लिहून खणात ठेवतेय. तुम्ही हुशार असाल, माझ्याहून भराभर काम कराल, आणि पहिल्याच आठवड्यात तुमचं लक्ष आठव्याच्या माथ्यावर जाईल. एकच फेरी, दोन काटे, नियमाने काढायला हवेत. त्यांना हात लावाल तर याद राखा. उभी आहे ती मी. बसलेला माझा बाप आहे.

आणि बाकीचे ठेवत जा. कुठला आमचा ते मी सांगू शकत नाही, नाव आम्हाला माहीत नाही. तिसऱ्या खुंटीवर आम्ही काही अडकवत नाही.